लोह काढणाऱ्या बाई

बाईंबरोबर चहा घेतलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा त्यांच्या शेजारी बसत नसे. कप अर्धा झाला की बाई पर्समधून एक छोटी तपकिरी बाटली काढत, समोरच्याला न विचारता त्याच्या चहात दोन-चार पिवळे थेंब सोडत, आणि चहा बघता बघता शाईसारखा काळा होई. "पाह्यलं का?" बाई खूश होऊन विचारत. "बाटलीत लोहाचा क्षार होता. चहानं कसा पकडला त्याले! आता हे लोह पोटात गेलं तरी अंगाले लागत नाई." समोरचा कसंनुसं हसे आणि कप बाजूला सारे. बाईंना वाटे, त्यालाही आपल्याइतकाच आनंद झालाय. आमच्या विभागप्रमुखांच्या धरमपेठेतल्या घरी हळदीकुंकवाला गेल्या असताना त्यांनी हाच प्रयोग प्रमुखांच्या पत्नीच्या कपात केला. पुढच्या वर्षापासून बाईंना आमंत्रण बंद झालं. ते बंद झालंय हे बाईंच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आम्ही नागपूरच्या एका औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकवत होतो. सत्तरीचं दशक संपत आलेलं. बाई रसायन शिकवायच्या. मी औषधाचा जनावरांवर काय परिणाम होतो ते पाहणारा, म्हणजे सरळ सांगायचं तर उंदीर मारणारा. बाई नवा पदार्थ बनवायच्या, मी तो पांढऱ्या उंदरांना पाजायचो, आणि उंदीर मेले की बाई माझ्याकडे अशा बघायच्या जशी काही मी त्यांची मानगूट पिरगाळली. "तुह्या हातालेच यश नाई गा," म्हणायच्या. वयानं त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, म्हणून मी ऐकून घ्यायचो. पण दरवेळी नाही. मीही तापट होतो आणि आमची भांडणं जिन्यापर्यंत ऐकू जात.

बाई काटोलकडच्या संत्रावाल्या घरातल्या. डॉक्टरेट झाली होती, चार वर्षं परदेशी राहून आल्या होत्या, पण बोलणं गावचं ते गावचंच. वर्गात पोरांना 'काहून गा, झोपून राहिला का?' असं विचारायच्या. आमच्यातल्या शुद्ध बोलणाऱ्या मंडळींना याची फार लाज वाटे. लग्न केलं नव्हतं. केस घट्ट बांधलेले, साडी सुती, आणि पायांत पुरुषी चपला, कारण प्रयोगशाळेत काही सांडलं तर पटकन काढून फेकता येतात.

लोकांना बाईंच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या कामाचं जास्त हसू येई. आमच्या कॉलेजात निम्मे लोक लोहाच्या गोळ्यांवर काम करत होते. आपल्याकडच्या बाया रक्त कमी होऊन पांढऱ्याफटक पडलेल्या. त्यांच्या पोटात लोह कसं घालायचं याची सगळ्यांना चिंता. आणि या बाईंना अंगातलं लोह बाहेर काढायचं औषध शोधायचं होतं! प्रमुखांनी एकदा भर बैठकीत विचारलं, "बाई, उपाशी माणसांच्या देशात तुम्ही पोट कमी करायचं औषध का शोधताय?" सगळे हसले. बाई उठून म्हणाल्या, "ज्याले जास्त झालं, त्यानं काय करावं सर? मरावं?" मग हसू थांबलं, पण पैसेही मंजूर झाले नाहीत.

ज्याला जास्त झालं होतं, ती हेमा. बाई जरीपटक्यात एका सिंधी कुटुंबाच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. घरमालकांचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं. हेमा त्यांची एकुलती एक मुलगी, बाईंकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, पण उंचीनं आठ वर्षांची वाटायची. तिला थॅलेसेमिया होता. या आजारात शरीराला धड रक्त बनवता येत नाही, म्हणून दुसऱ्याचं रक्त देत राहावं लागतं. दर महिन्याला तिचे वडील तिला दवाखान्यात नेत आणि बाटली चढवून आणत. त्या रक्तानं ती जगायची आणि त्याच रक्तानं मरत होती. कारण प्रत्येक बाटलीबरोबर लोह येतं आणि ते बाहेर टाकायची सोय निसर्गानं माणसाला दिलेली नाही. ते हृदयात, यकृतात साचत जातं. हेमाचा गोरा रंग राखेसारखा झाला होता. जिना चढली की धापा टाकायची.

लोह बाहेर काढणारं इंजेक्शन तेव्हाही होतं, पण परदेशी. ते रोज तासन्‌तास कातडीखाली सोडत बसावं लागे, आणि ते मिळालं तर मिळालं. घरमालकांचा कोणी नातेवाईक विलायतेहून आला की एखादा डबा आणायचा. तो संपला की परत वाट पाहणं. "हे औषध नाई गा, ही थट्टा हाय," बाई म्हणायच्या. "गोळी पायजे. पान्यासंग गिळली आन शाळेत गेली, अशी गोळी."

गोळी होईपर्यंत बाईंनी त्या घरात आपलं राज्य सुरू केलं होतं. जेवताना हेमानं दुधाचा नाही, कोरा चहा प्यायचा. पालक बंद, गूळ बंद. स्वयंपाकघरातल्या लोखंडी कढया आणि तवा बाईंनी स्वतः उचलून अंगणात ठेवले. भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरात भाडेकरणीनं भांडी बाहेर काढावीत! हेमाची आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. वडील मात्र त्याच संध्याकाळी दुकानातून पितळी आणि ॲल्युमिनियमची भांडी घेऊन आले. म्हणाले, "मैडम जो बोलेगी, वही होगा." हेमा कोरा चहा पिताना तोंड इतकं वेडंवाकडं करायची की मला हसू यायचं. "आंटी, इससे तो मर जाना अच्छा," ती म्हणे. "पी वं मुकाट्यानं," बाई म्हणत.

बाईंची काम करायची तऱ्हा नागपूरच्या हवेनं ठरवली होती. त्यांना ज्या पद्धतीनं पदार्थ वेगळा काढावा लागे त्यात ईथर हे झटकन पेटणारं द्रावक लागायचं, आणि ईथर आमच्या उन्हाळ्यात बाटलीतच उकळायला लागतं. बुचं उडतात. म्हणून बाईंचं वर्ष दोन भागांत वाटलेलं. दिवाळीपासून होळीपर्यंत नवे पदार्थ करायचे आणि होळीनंतर दिवाळीपर्यंत ते उंदरांवर पाहायचे. थंडीत सकाळी सकाळी, शाल डोक्यावरून घेऊन, दात वाजत असताना खिडक्या सताड उघड्या टाकून बाई ईथर हलवत बसत. त्या वेळी कोणी शेगडी पेटवायचं नुसतं नाव काढलं तरी त्या अंगावर धावून जायच्या.

एका होळीनंतर त्यांनी मला एक पांढरी पूड दिली. मी उंदरांना आधी लोहाची इंजेक्शनं देऊन त्यांच्या अंगात भरपूर लोह साठवलं होतं. आता औषध पाजायचं, मूत्र गोळा करायचं आणि त्यात लोह किती येतं ते मोजायचं. पिंजऱ्याखाली नरसाळी हवी होती. काचेची फुटलेली, नवीन घ्यायला मंजुरी नाही. हेमाच्या वडिलांना हे कळलं तेव्हा ते स्वतः दुकानातून पत्र्याची नरसाळी सायकलवर बांधून घेऊन आले. रॉकेल भरायला वापरतात ना, तसली. आमच्या शिपायालासुद्धा हात लावू दिला नाही त्यांनी. स्वतः प्रत्येक पिंजऱ्याखाली एकेक बसवलं, आणि उंदरांना हात जोडले. मी तोंड फिरवून हसलो होतो.

औषध दिलेल्या उंदरांचं मूत्र लाल आलं.

त्या लाल रंगाचा अर्थ आम्हा दोघांनाच कळत होता. बाईंच्या रेणूनं लोह पकडलं की हाच रंग येतो, परीक्षानळीत आम्ही तो शेकडो वेळा पाहिला होता. ज्या उंदरांना औषध दिलं नव्हतं, त्यांचं मूत्र नेहमीसारखं पिवळं. म्हणजे लोह अंगातून बाहेर पडतंय! बाई मला मिठी मारतील की काय अशी भीती वाटली, आणि त्यांनी खरंच मारली. मग त्यांनी एक परीक्षानळी भरून घेतली, तिला बूच लावलं आणि तशाच सिटी बसनं घरी गेल्या. हेमाची आई पोळ्या करत होती. "यह क्या लाई मैडम?" "चूहे का मूत," बाई म्हणाल्या. "लोहा निकल रहा है." हेमाच्या आईनं हात धुतले, ती नळी दोन्ही हातांनी घेतली आणि देवाच्या फोटोपुढे नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं होतं की हेमाची गोळी तयार झाली.

वडील कॉलेजातच आले. म्हणाले, आज द्या. बाई म्हणाल्या, "ऐसे नहीं देते, भाईसाहब. पहले मैं खाऊंगी." मी नको नको म्हणत असताना त्यांनी ती पूड कागदावर घेतली आणि पाण्याबरोबर गिळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या लघवीनं भरलेलं काचेचं चंचुपात्र आणून सरळ माझ्या टेबलावर ठेवलं. मी किंचाळलो. बाईंचं लक्ष नव्हतं. लघवी पिवळी होती. जरासुद्धा लाली नव्हती.

"तुमच्या अंगात जास्तीचं लोह नसेल," मी म्हणालो. "थोडं तरी यायले पायजे होतं," बाई म्हणाल्या. बराच वेळ त्या पात्राकडे आणि मग माझ्या पिंजऱ्यांकडे बघत बसल्या. मग उठल्या, कोपऱ्यात एक लाकडी खोकं पडलं होतं त्यातून गंजलेला खिळा उपटला आणि पात्रात टाकला. जेवणाच्या सुट्टीनंतर आम्ही परत आलो तेव्हा खिळ्याभोवती लाल रंग पसरला होता.

बाई मग एवढंच म्हणाल्या, "नरसाळ्याचं लोह हाय गा हे. उंदराचं नाई."

औषध अंगात शिरून काहीही न करता जसंच्या तसं बाहेर पडत होतं, आणि पडल्या पडल्या पत्र्याच्या नरसाळ्यातलं लोह पकडत होतं. ज्या बाईंनी लोखंडी तवा घरातून बाहेर काढला, त्यांना पत्र्याचं नरसाळं दिसलं नाही. मलाही नाही दिसलं. मी उसनवारीनं काचेची नरसाळी आणून पुन्हा पाहिलं. मूत्र पिवळं. मला त्या क्षणी बाईंचा राग आला, माझा आला, त्या भल्या माणसाच्या सायकलचासुद्धा आला.

"पोरीच्या बापाले नरसाळ्याचं सांगायचं नाई," बाईंनी मला बजावलं. घरी जाऊन त्यांनी सांगितलं की मोजण्यात आपलीच चूक झाली, औषध निकामी आहे. देवापुढची नळी त्यांनी स्वतः उचलून मोरीत ओतली. हेमा खाटेवर बसून ऐकत होती. "मतलब फिर से चाय?" तिनं विचारलं. "हौ," बाई म्हणाल्या, "फिर से चाय."

त्यानंतरच्या बाई मला पाहवत नव्हत्या. कुठं चुकलं ते त्यांना कळलं होतं. रेणू पाण्यात फार विरघळतो, पेशीच्या आत शिरत नाही. त्याला जरा तेलकट शेपूट जोडायला हवं. पण चैत्र संपत आला होता आणि त्या कामाला ईथर लागणार होतं. "दिवाळीनंतर करू," मी म्हणालो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "दिवाळीपर्यंत पोरगी हाय का?" डॉक्टरांनी तोवर सांगितलं होतं की हेमाचं हृदय मोठं झालंय, पायांवर सूज येते ती त्याचीच.

मे महिन्यात, नागपूरच्या मे महिन्यात, बाईंनी ईथर काढलं. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या पोत्यांत गुंडाळून रिक्षातून आणायच्या, त्या फोडायच्या, बादल्यांत भरायच्या आणि बर्फ वितळायच्या आत काम उरकायचं. आम्ही सगळ्यांनी विरोध केला. प्रमुखांनी तोंडी मनाई केली. बाईंनी दार आतून लावून घेतलं. आणि व्हायचं तेच झालं. ईथरची वाफ कुठल्याशा बटणाच्या ठिणगीनं पेटली. आम्ही दार तोडून आत गेलो तेव्हा बाई वाळूच्या बादलीशेजारी उभ्या होत्या. उजवा हात भाजलेला, भुवया जळून गेलेल्या, आणि डाव्या हातात काचेचा चंबू घट्ट धरलेला. "हे वाचलं," त्या म्हणाल्या.

मी संध्याकाळी त्यांना घरी सोडायला गेलो. बिनभुवयांच्या बाईंना बघून हेमा आधी घाबरली आणि मग धाप लागेपर्यंत हसली. तिनं आईच्या काजळाची डबी मागवून घेतली, बाईंना समोर बसवलं आणि जीभ दातांत धरून त्यांना भुवया काढून दिल्या. एक वर गेली, एक खाली आली. बाई हलल्यासुद्धा नाहीत. पुढे खऱ्या भुवया उगवेपर्यंत हेमा रोज सकाळी ते करायची आणि बाई तशाच वर्गात यायच्या. पोरं बाकाखाली तोंड घालून हसत. मी हसू शकलो नाही.

चंबूतून निघालेला पदार्थ चिमूटभर होता. मी तो उंदरांना दिला, खाली काचेची नरसाळी, ज्यात ज्यात लोहाचा संशय येईल ते सगळं बाजूला काढलं. मूत्र लाल आलं. या वेळी ते खरं होतं. लोह अंगातून निघत होतं. बाईंनी माझा हात पकडला होता, भाजलेल्या हातानं. आठवड्याभरात उंदीर झटके येऊन मेले. एकही वाचला नाही. शेपटामुळे तो रेणू पेशीत शिरत होता, तसाच मेंदूतही शिरत असावा. उरलेली पूड बाईंनी बाटलीत भरून घरच्या कपाटात ठेवली. फेकून द्यायला हवी होती, असं मला आजही वाटतं. त्यांना ते जमलं नाही, आणि ते मला समजतं.

हे हेमाच्या वडिलांपासून लपलं नाही. एकाच घरात किती लपवणार? ते वरच्या खोलीत आले, मी तिथं होतो. उभ्याउभ्याच म्हणाले, "मैडम, लोहा निकालती है न वह दवा?"

"निकालती है. और मार भी डालती है."

"चूहे को मारती है. मेरी बच्ची चूहा नहीं है."

"भाईसाहब, नहीं."

"वैसे भी तो जा रही है वह!" त्यांचा आवाज फाटला. "आप डरती हो. आपका नाम खराब होगा, इसलिए नहीं देती हो."

बाई कपाटाकडे पाठ करून, काजळाच्या वाकड्या भुवयांनी त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. ते गेल्यावर बाईंनी मला विचारलं, "मी बरोबर करून राहिली ना गा?" एरवी माझ्या हातालाच यश नाही म्हणणाऱ्या बाई मला विचारत होत्या. मी हो म्हणालो. मला खात्री होती. पण नुसती खात्री असून त्या घरात राहणं सोपं नव्हतं. हेमाची आई त्या दिवसापासून बाईंशी बोलेनाशी झाली. जिन्यात समोर आल्या तर पदर ओढून भिंतीकडे वळायची. बाईंनी खोली सोडली नाही. मी सीताबर्डीजवळ दुसरी जागा बघून दिली होती. "आता गेली तर पोरीले वाटंन मी पळाली," म्हणाल्या.

हेमा श्रावणात गेली. दवाखान्यात नाही, घरीच, दुपारी, आईच्या मांडीवर. बाई वर्गात होत्या. निरोप आला तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला आणि 'बाकीचं उद्या' म्हणून बाहेर पडल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आईनं बाईंना पाहिलं आणि किंचाळून म्हणाली, "अलमारी में रखी थी दवा! अलमारी में!" दोघीतिघींनी तिला आवरलं. बाई दारातच बसून राहिल्या. आत जायचं त्यांच्यानं झालं नाही. मी आयुष्यात बऱ्याच लोकांना दुःखात पाहिलं, पण इतकं एकटं कोणी पाहिलेलं नाही.

अस्थी वेचायच्या दिवशी मी पुन्हा गेलो. बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, मी शेजारी बसलो. घाटावरून पुरुष परतले. हेमाचे वडील सगळ्यांत शेवटी आले. हातापायांवर राख तशीच होती. लोक आत गेले तरी ते आमच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस बाईंना काय काय बोलणार. मी उठलोसुद्धा.

ते हळूच म्हणाले, अगदी दुकानात एखाद्या वस्तूची चौकशी करावी तसं, "मैडम, अब तो सब निकल गया होगा न? लोहा?"

बाईंनी मान वर केली. आयुष्यभर पोरांना त्यांनी शिकवलेलं होतं की लोखंड जळून नाहीसं होत नाही, हाडामांसाचं सगळं गेलं तरी ते राखेत उरतं. त्यांच्या समोर उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांना ती राख लागलेली होती.

"हौ, भाईसाहब," बाई म्हणाल्या. "निकल गया. पूरा निकल गया."

हेमाच्या वडिलांनी खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिलं, कारण मीही त्याच विषयातला. मी मान हलवली. तेव्हा ते अंगणातल्या नळावर गेले आणि हात धुऊ लागले.